गाडी आपल्या मापाची करून घ्यायची कशी

माझी उंची पाच फूट एक इंच. वजन सांगत नाही, पण बुलेटला पुरतं. उंचीचं आधीच सांगून टाकलं, कारण बाईकचा विषय निघाला की बायका पहिलं तेच विचारतात, "पाय टेकतात काय गं?" टेकतात. टेकवून घेतलेत. ब्लाऊज शिवायला टाकताना आपण इंच इंच माप देतो, बसला नाही तर उसवून परत शिवायला लावतो. आणि एवढे पैसे मोजून घेतलेली गाडी मात्र कंपनीनं कुणाच्या मापानं काढली असेल तशीच वापरतो. नाहीच जमली तर "आपल्याला झेपत नाही" म्हणून गप्प बसतो. स्कूटीला मी नावं ठेवत नाही, भाजी आणायला माझ्याकडंही आहे. पण झेपत नाही हे कारण मला मान्य नाही.

सासरचं कोल्हापुरात उद्यमनगरात लेथचं शॉप आहे. शाळेत असताना लुना, कॉलेजला भावाची आरएक्स हंड्रेड त्याच्या नकळत, लग्नानंतर ह्यांची स्प्लेंडर, मग जुनी कास्ट आयर्न, म्हणजे बिडाच्या इंजिनाची बुलेट, आणि आता शॉपच्या मागच्या शेडमध्ये बाकीच्या बायकांच्या गाड्या. त्याच क्रमानं सांगते.

पहिली गाडी

शिकायला हंड्रेड सीसीची चार स्ट्रोक गाडीच घ्या. स्प्लेंडरची सीट जमिनीपासून साधारण 785 मिमी, वजन 110 किलोच्या आसपास. आरएक्स हंड्रेडचा नाद कोल्हापुरात अजून गेलेला नाही. 1985 ते 1996 एवढीच वर्षं निघाली, इंजिन 98 सीसी, तरी चांगल्या गाडीला आज लोक तोंडाला येईल ती किंमत सांगतात. पण ती शिकायची गाडी नाही. दोन स्ट्रोकची ताकद हळूहळू येत नाही, एकदम येते, आणि नवख्या मनगटाला ते कळायच्या आत पुढचं चाक हलकं होतं.

जागा म्हणजे तपोवन मैदान, रविवारी क्रिकेटची पोरं यायच्या आत. पहिल्या दिवशी इंजिन चालूच करायचं नाही. गाडी नुसती ढकलायची, वळवायची, स्टँडला लावायची, काढायची. डाव्या बाजूला उभं राहून ती आपल्याकडं हळूहळू कलती करत जायची. एका ठिकाणापर्यंत ती एका बोटानं तोलते, त्याच्या पुढं एकदम अंगावर येते. ते ठिकाण अंगाला कळलं की अर्धी भीती जाते.

मेन स्टँडला बायका हातानं गाडी उचलायला बघतात आणि कंबर धरून बसतात. डावा हात हँडलवर, उजवा मागच्या कॅरियरच्या दांडीला, उजव्या पायानं स्टँड खाली दाबायचा आणि त्याचे दोन्ही पाय जमिनीला एकदमच टेकलेत का ते बघायचं. ते कळलं की त्या पायावर सगळ्या अंगानिशी उभं राहायचं, जिन्याची पायरी चढल्यासारखं. गाडी आपोआप मागं येऊन वर बसते. हात फक्त दिशा देतात.

दुसऱ्या दिवशी क्लच. ॲक्सिलेटरला हात लावायचा नाही. पहिला गिअर टाकून क्लच इतका हळू सोडायचा की गाडी स्वतःहून सरकायला लागेल. जिथं पकडते तिथंच थांबायचं, परत दाबायचा, परत सोडायचा. कंटाळा येतो. येऊ दे. नंतर घाटात ट्रकच्या मागं चढावर थांबायची वेळ येते तेव्हा हेच कामाला येतं. मग दोन चपला जमिनीवर ठेवून त्यांच्याभोवती आठचा आकडा काढायचा. मागचा ब्रेक किंचित दाबलेला, क्लच अर्धा, आणि नजर जिथं जायचं तिथं. चपलेकडं बघाल तर चपलेवरच जाल. चपलांचा या खेळात एवढाच उपयोग, पायात मात्र घोटा झाकणारा बूट. पायताण घालून गाडी चालवणारे पुष्कळ दिसतात, त्यातल्या कुणाचा तरी अंगठा बघून घ्या.

पाय टेकण्याबद्दल. दोन्ही पाय सपाट टेकले पाहिजेत ही अट कुणी घातली? एक पुरतो. थांबताना बूड सीटच्या डाव्या कडेला सरकवा, डावा पाय पूर्ण टेकवा, उजवा ब्रेकवर राहू दे. थांबायची जागा थांबायच्या आधी निवडायची. रस्ता मधे उंच असतो आणि कडेला उतरता, त्यामुळं कडेला डावीकडं पाय टाकला की जमीन दोन बोटं खाली गेलेली असते. बुटक्या माणसाला ती दोन बोटं महाग पडतात.

पडलेली गाडी उचलणं हे रस्त्यावर जायच्या आधी शिका, गवतावर. चावी बंद, पेट्रोल कॉक बंद. उजवीकडं पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडून ठेवा, नाहीतर उचलून झाल्यावर ती पलीकडं पडेल. गाडी गिअरमध्ये असू द्या, म्हणजे घरंगळणार नाही. हँडल जमिनीकडच्या बाजूला पूर्ण वळवा. आता गाडीकडं पाठ करून सीटला बूड टेकून खाली बसा. एका हातात हँडलची खालची मूठ, दुसऱ्या हातात मागची दांडी किंवा फ्रेमचा पाइप. पाठ ताठ, आणि पायांनी मागं मागं छोटी पावलं टाकत चालायला लागा. हात वाकवून ओढायचं नाही. माझ्या शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येकीला मी हे आधी करायला लावते आणि प्रत्येक जण उचलून झाल्यावर हसते.

लायसन्सचं थोडक्यात. स्कूटीचं, म्हणजे बिनगिअरचं लायसन्स बाईकला चालत नाही, गिअरवाल्या मोटारसायकलचं वेगळं काढावं लागतं. वय 18 पूर्ण. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि ते निघाल्यापासून 30 दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते. हेल्मेट आयएस 4151 चा आयएसआय शिक्का असलेलं. डोक्याचा घेर भुवयांच्या वरून टेपनं मोजून घ्या. आंबाडा घालून हेल्मेट बसत नाही, मानेपाशी सैल वेणी घाला. ओढणी घरी. केंद्रीय मोटार वाहन नियम 123 प्रमाणं मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकणारा आडोसा लागतो, तो मागं बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणूनच. आपण त्याला साडीगार्ड म्हणतो. गाडी सजवताना पोरं पहिल्यांदा तेच काढून फेकतात.

पहिला घाट

पन्हाळा. शिवाजी पुलावरून केर्ली, वाघबीळ, वर, वीसेक किलोमीटर. सकाळी सहाला निघा. घाटात उतरताना क्लच दाबून गाडी मोकळी सोडायची नाही, ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. हे जमलं की गगनबावडा, पंचावन्न किलोमीटर, आणि तिथं चहा प्यायचा. पावसाळ्यात पन्हाळ्याच्या रस्त्याला पंचगंगेचं पाणी येतं तेव्हा मात्र घरी बसा, पाण्यातून गाडी काढायचा मोठेपणा नको.

आपल्याकडचा खरा धोका वळण नाही, ऊस आहे. हंगामात संध्याकाळनंतर दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढं असतो, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला. बाहेर आलेल्या उसाची टोकं बरोबर आपल्या तोंडाच्या उंचीला. त्याच्या मागं चिकटून चालायचं नाही आणि डावीकडून तर कधीच काढायचं नाही, कारण ट्रॉली वळताना आत येते. रस्त्यावर पडून चाकाखाली चिरडलेला ऊस पावसाच्या पाण्यापेक्षा निसरडा असतो. त्याच्यावरून जायचीच वेळ आली तर सरळ जा, ब्रेक आणि ॲक्सिलेटर दोन्ही आहे तसे.

मिस्त्रीशी बोलणं

गाडी घेऊन गेलं की "वहिनी, साहेबांना पाठवा, त्यांना सांगतो" हे ऐकायला मिळतं. आमच्या साहेबांना प्लग बदलता येत नाही. भांडू नका, काम कागदावर लिहून न्या. "क्लच केबल बदलणे, चेन ताणणे, एअर फिल्टर साफ करणे." खाली जागा सोडा, तिथं त्याला खर्च लिहू दे. आणि शेवटी एक वाक्य, "काढलेला जुना पार्ट मला परत द्या." हे ऐकलं की आवाजच बदलतो.

चेन मात्र घरी बघा. मेन स्टँडवर लावून चेनच्या खालच्या बाजूला मधोमध बोट लावून वरखाली करायचं, बहुतेक गाड्यांना 20 ते 30 मिमी हलली पाहिजे. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी बघा. एका ठिकाणी घट्ट, एका ठिकाणी सैल लागली तर ताणून उपयोग नाही, चेनकिट, म्हणजे चेन आणि तिची दातेरी चाकं, गेलंय.

माप

आता मुद्द्याचं. गाडी उंच वाटली की लोक लगेच मागचे शॉकअप बुटके टाकतात. नका टाकू, निदान आधी नको. मागची बाजू खाली गेली की पुढची वर येते, हँडल जड आणि आळशी होतं, हेडलाइट झाडांवर जातो, आणि साइड स्टँड गाडीच्या मानानं लांब झाल्यामुळं गाडी जवळजवळ सरळ उभी राहते. वाऱ्यानंसुद्धा पडते. बऱ्याच गाड्यांना पुढच्या शॉकअपचे पाइप क्लॅम्पमध्ये तेवढेच वर सरकवून हिशेब जुळवता येतो, पण जुन्या बुलेटला ते पाइप वरच्या हेडलाइटच्या डब्यातच बसवलेले असतात, तिथं हा उपाय नाही.

सीटपासून सुरुवात करा. घरच्या घरी माप घ्या. भिंतीला पाठ लावून, बूट घालून, पाय थोडे फाकवून उभं राहा. एक जाड पुस्तक दोन पायांच्या मधे वर घट्ट दाबून धरा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. माझं येतं 720 मिमी. क्लासिक 350 ची सीट 805. आता यातलं गणित असं की सगळे 85 मिमी खाली आणायची गरजच नसते. पाय सीटवरून सरळ खाली जात नाही, आधी बाजूला जातो आणि मग खाली. सीटचं पुढचं तोंड जेवढं रुंद, तेवढा पाय वाया जातो.

म्हणून सीटवाल्याकडं जाऊन "एक इंच कमी करा" एवढंच सांगू नका. तो वरून सरसकट फोम कापतो आणि खाली पत्रा टोचायला लागतो. रेक्झिन काढायला सांगा, उघड्या फोमवर बसा, दोन्ही पाय टेकायचा प्रयत्न करा आणि मांडी जिथं फोमला घासते तिथं पेननं रेघ मारून घ्या. त्या रेघेच्या बाहेरचं दोन्ही बाजूंनी कापायचं, टाकीजवळ जास्त, मागं जाताना कमी कमी. वरून फक्त दोन-तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). कापलेल्या भागाला वर घट्ट फोमचा पातळ थर चिकटवायचा आणि रेक्झिन लावायच्या आधी परत बसून बघायचं. तिथंच उभं राहून करून घ्या. शाहूपुरीत मी ज्यांच्याकडं जाते ते कारागीर आधी माझ्यावर वैतागायचे, आता स्वतःच पेन आणून देतात.

मग हात. क्लच लीव्हर बोटांच्या पहिल्या पेरात येत असेल तर तो लांब आहे. दुसऱ्या पेरात आला पाहिजे. लीव्हर जवळ-लांब करायचा स्क्रू असलेले मिळतात. त्याच्या आधी केबल तपासा. निम्म्या बायकांची "क्लच लई जड" ही तक्रार सुकलेल्या, कुठंतरी दुमडलेल्या केबलची असते. केबल काढून उभी टांगा, वरच्या तोंडाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा बांधून त्यात पातळ तेल घाला, रात्रभर थेंब थेंब खाली येऊ दे. बसवताना लीव्हरला दोन-तीन मिमी ढील ठेवा.

जुनी गाडी पहिल्यापासून बांधायची असेल तर

आधी कागद. फ्रेमच्या हेडस्टॉकवरचा, म्हणजे हँडल बसतं त्या नळीवरचा, चासी नंबर आणि इंजिनवरचा नंबर आरसीशी, म्हणजे नोंदणीपत्राशी, अक्षर अक्षर जुळवा. कर्ज चढलेलं असेल तर उतरवून घ्या. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी पुन्हा करावी लागते, ती पुढं पाच वर्षं चालते. एमएच 09 ची, म्हणजे कोल्हापूरच्याच नोंदणीची गाडी असली तर धावपळ कमी.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीत कंपनीनं दिलेल्या ज्या गोष्टी नोंदवल्यात त्याच्याशी विसंगत बदल करायचा नाही. 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. दंड बदलामागं 5000 रुपये, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. त्यामुळं फ्रेम कापणं, मागचं चाक धरणारा स्विंगआर्म लांब करणं, दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवणं हे माझ्या शेडमध्ये होत नाही. मागचं अर्धं सीट उडवून एकट्याची गाडी करायची फॅशन आहे, पण आरसीवर आसनसंख्या दोन असते, हे कुणी सांगत नाही. आवाजाचा सायलेन्सरही नको. रंग बदलता येतो, आरटीओत नोंद करून आणि विमा कंपनीला लेखी कळवून. एवढं सोडून जे उरतं त्यात गाडी पुरेशी आपली होते. माझ्या बुलेटचं सीट, हँडल, लीव्हर, फूटरेस्ट आणि रंग सोडून सगळं कंपनीचं आहे, आणि तरी ती ह्यांना चालवता येत नाही. गुडघे हँडलला लागतात.

गाडी सोडवताना प्रत्येक वायरवर चिकटपट्टी लावून नाव लिहा, प्रत्येक जोडाचा फोटो काढा आणि नटबोल्ट ज्या भागाचे त्या भागाच्या डब्यात. सगळे एका बादलीत टाकणाऱ्याकडून बांधून झालेली गाडी मी अजून बघितलेली नाही.

फ्रेम पावडर कोटिंगला द्यायच्या आधी स्वतः जाऊन चासी नंबरावर उष्णता सोसणारी टेप चिकटवा. हे मी कळवळून सांगते. पावडर भट्टीत 180-200 अंशाला वितळते आणि नंबरच्या खाचा भरून सपाट करून टाकते. मग आरटीओत साहेब बॅटरी मारून बघतात आणि नंबर दिसत नाही. आटे असलेली भोकं आणि बेअरिंगची बैठकही झाकायची, रबरी बुश काढून घ्यायचे.

इंजिनासाठी उद्यमनगर आहेच. जुन्या 350 बुलेटचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 70 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) 90. सिलिंडर घासलेला असेल तर बोअरिंग करून मोठा पिस्टन बसतो, मिस्त्री त्याला वीस, चाळीस, साठ म्हणतात, म्हणजे तेवढे हजारांश इंच. वीसवर भागत असेल तर चाळीसला हो म्हणू नका, पुढच्या वेळी काय कापणार? आणि पिस्टन आधी विकत घ्या, बोअर त्या पिस्टनच्या मापानं करायला सांगा.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची ढील, स्वतः जुळवा. बायकांच्या बारीक बोटांना हे काम पुरुषांपेक्षा बरं जमतं. इंजिन पूर्ण थंड, रात्रभर उभं राहिलेलं. सिलिंडरच्या उजव्या बाजूला खाली टॅपेटचं झाकण असतं, ते काढलं की आत दोन पुशरॉड दिसतात. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून दोन बोटांत पुशरॉड धरा. तो बोटांनी सहज गोल फिरला पाहिजे आणि वरखाली मात्र अजिबात खडखडता कामा नये. फिरत नसेल तर घट्ट, वाजत असेल तर सैल. एका पान्यानं धरायचं, दुसऱ्यानं फिरवायचं, लॉकनट आवळला की परत बोटांनी बघायचं, कारण आवळताना हमखास थोडं हलतं. सीबी पॉइंटचा, म्हणजे प्लगची ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचा, गॅप 0.35 ते 0.40 मिमी, फीलर गेजची पातळ पट्टी लावून. अंदाजानं नाही.

किकचं तंत्र ताकदीचं नाही. या जुन्या बुलेटला किक आणि गिअर दोन्ही उजवीकडं, ब्रेक डावीकडं. म्हणजे थांबताना टेकायचा पाय उजवा, हे स्प्लेंडरवाल्या पायाला परत शिकवावं लागतं. गाडी मेन स्टँडवर. चावी चालू, अँपिअर मीटरकडं बघा. किक हळूहळू दाबत न्या, ती एका जागी अडेल. डाव्या हाताचा डीकॉम्प्रेसर, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा लीव्हर, ओढून मीटरचा काटा मधोमध येईपर्यंत अगदी थोडी पुढं सरकवा. डीकॉम्प्रेसर सोडा, किक वर येऊ द्या. आता ॲक्सिलेटर बंद, गुडघा किंचित वाकलेला, आणि अंगाचं वजन एका दमात शेवटपर्यंत खाली. अर्ध्यात सोडायची नाही, अर्धी किकच उलटी मारते. ठिणगीचं टायमिंग पुढं असेल तरीही मारते, तेव्हा सारखी मारायला लागली तर पाय थांबवून टायमिंग बघा.

नवीन पिस्टनला पहिले 500 किमी जपा. ताशी 50 च्या वर नाही, पण एकाच वेगावरही नाही. त्यासाठी शिरोलीचा हायवे कामाचा नाही, कळंब्यावरून गारगोटी रस्ता धरा, गावं येतात, वेग आपोआप कमीजास्त होतो. पहिल्या फेरीनंतर थंड झाल्यावर सगळे नट परत आवळा, हँडलचे आणि चाकांचे आधी. 500 झाले की इंजिन गरम असतानाच ऑइल सोडा आणि जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून गाळून बघा. बारीक राखाडी चुरा असतोच. नखात धरता येईल असा तुकडा निघाला तर नवीन ऑइल भरू नका, हेड परत उघडा.